एकाच पेशीवरचे दोन लगाम

पडद्यावर दोन रेषा सरकत असतात. वरची रेषा निरोप पाठवणाऱ्या चेतापेशीची, खालची तो घेणाऱ्या चेतापेशीची. दोन्ही पेशींना काचेची एकेक बारीक पिपेट चिकटवलेली आहे. वरच्या पेशीला विजेचा क्षणभर टोचा दिला की तिच्या रेषेवर अणकुचीदार सुळका उठतो. त्यानंतर मिलीसेकंदभरात खालची रेषा एकदम घसरते आणि सावकाश पूर्वपदावर येते. ती घसरण म्हणजे पाठवणाऱ्या पेशीने सोडलेला गाबा, पुढच्या पेशीला शांत करणारं रसायन, पोचल्याची पावती. हेच वीस वेळा करा आणि वीसही नोंदी एकावर एक ठेवा. घसरणीची खोली थोडी कमी-जास्त होते, पण तिची सुरुवात जागची हलत नाही. वीस रेषा मिळून एकच जाड रेघ ओढल्यासारखी दिसते.

आता घेणारी पेशी त्याच प्रकारची ठेवा आणि पाठवणारी तेवढी बदला. टोचा तोच, सुळकाही तसाच. खालची रेषा मात्र वेगळं काही सांगू लागते. घसरण कधी लगेच येते, कधी रेंगाळून येते, कधी येतच नाही. सुळक्यांची भराभर माळ लावली, तर माळ संपून वरची रेषा शांत झाल्यावरही खालच्या रेषेवर बारीक बारीक खाचा पडत राहतात, चांगल्या शेकडो मिलीसेकंद. पाठवणारी पेशी गप्प झालेली असते आणि तिचे निरोप अजून येतच असतात.

पहिली पेशी पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन बाळगणारी बास्केट पेशी, म्हणजे दुसऱ्या पेशीभोवती टोपलीसारखं जाळं विणणारी निरोधक पेशी. दुसरी कोलेसिस्टोकायनिन, म्हणजे सीसीके, बाळगणारी. घेणारी ग्रॅन्यूल पेशी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे स्मृतीशी निगडित मेंदूच्या भागाच्या, डेंटेट गायरस या हिश्श्यातली. हा फरक हेफ्ट आणि योनास यांनी २००५ साली उंदरांच्या मेंदूच्या जिवंत कापांवर अशाच जोड-नोंदी घेऊन नीट मांडला. त्या वेळी योनास यांची प्रयोगशाळा जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये होती. या लेखात अभ्यासायचं प्रकरण हेच. दोन्ही पेशी गाबाच सोडतात, दोन्ही एकाच पेशीला आवरतात, दोन्हींकडे गाबा सोडण्याची किल्ली कॅल्शियमच आहे. मग एक घड्याळाच्या काट्यासारखी आणि दुसरी सैल, असं का?

आधी एक गैरसमज बाजूला

शिकवताना हा गैरसमज मला वारंवार भेटतो. कॅल्शियम धन आयन, तो पेशीत शिरतो, म्हणजे तो उत्तेजन देणार. मग निरोधक सिनॅप्सवर, म्हणजे पुढच्या पेशीला शांत करणाऱ्या दोन चेतापेशींच्या सांध्यावर, तो काय करतो? उत्तर सरळ आहे. चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियमचं काम फक्त दार उघडण्याचं. दारामागे ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन असेल तर पुढची पेशी चेतते, गाबा असेल तर ती शांत होते. गाबा पुढच्या पेशीवरची क्लोराइडची वाट उघडतो आणि तिला उंबरठ्यापर्यंत पोचू देत नाही. निरोध घडतो तो पलीकडे. अलीकडची यंत्रणा दोन्हींकडे एकाच घराण्यातली.

ती यंत्रणा थोडक्यात अशी. विश्रांतीत पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर किंवा त्याहून कमी असतं, बाहेर ते एक ते दोन मिलीमोलर. म्हणजे आतल्यापेक्षा बाहेर दहा हजार पटींहून जास्त. आवेग, म्हणजे तोच सुळका, टोकाशी पोचला की पटलातली कॅल्शियमची चॅनेल्स, म्हणजे त्याच्या आत येण्याच्या वाटा, मिलीसेकंदाच्या एखाद्या हिश्श्यापुरती उघडतात. गाबाने भरलेल्या पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या, आतल्या बाजूला पटलाला टेकून तयारच असतात. त्यांच्यावर सिनॅप्टोटॅग्मिन नावाचा संवेदक असतो. त्याला कॅल्शियम चिकटलं की पुटिका पटलाशी एकजीव होऊन फुटते. बेडकाच्या स्नायूसंधीवर डॉज आणि रहामिमॉफ यांनी १९६७ साली दाखवलं की बाहेरच्या कॅल्शियमचं प्रमाण कमी असताना पारेषक, म्हणजे निरोप नेणारं रसायन, सुटण्याचं प्रमाण त्या कॅल्शियमच्या जवळपास चौथ्या घाताने वाढतं. कॅल्शियम दुप्पट केलं तर परिणाम सोळापटीच्या आसपास जातो. इतकी चढी पायरी असेल, तर कॅल्शियममधला बारीकसा फरकही मोठा होऊन दिसणार.

म्हणूनच या प्रकरणात पहिला संशय प्रमाणावर जातो. सीसीके पेशींच्या टोकात कॅल्शियम कमी येत असेल, म्हणून त्या कच खात असतील. हा संशय टिकत नाही. कॅल्शियम कमी पडलं तर गाबा कमी सुटेल. पण आवेग संपून गेल्यावरही तो सुटत राहील, याचा खुलासा कमतरतेतून होत नाही. इथे काहीतरी उरतंय, आणि उरलेलं अजून काम करतंय.

दोन पुसणी

ज्या प्रयोगाने हे कोडं सुटायला लागतं, तो मला अतिशय देखणा वाटतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

कॅल्शियम पकडणारी दोन रसायनं आहेत, ईजीटीए आणि बाप्टा. दोघांची पकड जवळपास सारखीच घट्ट. फरक वेगाचा. बाप्टा कॅल्शियमचा आयन दिसताक्षणी झडप घालतो, ईजीटीए त्याच्यापेक्षा कित्येक पटींनी सावकाश पकडतो. बाप्टा १९८०च्या सुमारास रॉजर त्सियेन यांनी घडवला, पुढे नोबेल मिळालेले तेच त्सियेन. आता ओट्यावर पाणी सांडलंय असं समजा. एक पुसणं नळाच्या तोंडाशीच पाणी टिपतं, दुसरं पाणी थोडं पसरल्यावर टिपतं. नळाखालीच भांडं असेल तर दुसऱ्या पुसण्याने काही बिघडत नाही, भांड्यात पाणी पडतंच. भांडं ओट्याच्या दुसऱ्या टोकाला असेल तर मात्र सावकाश पुसणंही पाणी वाटेतच संपवतं.

पाठवणाऱ्या पेशीत पिपेटमधून ही रसायनं भरली की चॅनेल आणि संवेदक यांच्यातल्या अंतराचा अंदाज येतो. हे अंतर त्या वेळच्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून कापातल्या जिवंत पेशीत थेट मोजता येण्यासारखं नव्हतं. पार्व्हाल्ब्युमिनच्या सिनॅप्सवर ईजीटीएचा प्रभाव अगदी थोडा पडला, बाप्टाने मात्र गाबा सुटणं दाबून टाकलं. बुकुरेंच्यु, योनास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या आकड्यांवरून अंतर काढलं, १० ते २० नॅनोमीटर. पुटिकेचा व्यास साधारण ४० नॅनोमीटर असतो. म्हणजे चॅनेल पुटिकेच्या पोटाखालीच बसलेलं आहे. सीसीकेच्या सिनॅप्सवर गोष्ट उलटी. तिथे सावकाश पकडणारा ईजीटीएही गाबाला, विशेषतः उशिराने सुटणाऱ्या गाबाला, चांगलाच आवर घालतो. कॅल्शियमला तिथे वाट चालून जावं लागतं, आणि वाटेत कुणीही ते पकडू शकतं.

अंतराने इतकं काय बिघडावं? एक उघडं चॅनेल एका आवेगात फार तर काही शे आयन आत सोडतं. चॅनेलच्या तोंडाशी या आयनांचं इवलंसं दाट ढग तयार होतं. तिथलं प्रमाण दहा-वीस मायक्रोमोलरपासून शंभराच्या घरात जातं. चॅनेल मिटलं की हे ढग मायक्रोसेकंदांत विरतं. त्या ढगात बसलेला संवेदक ठोक्याला जागा होतो आणि ठोक्यालाच झोपतो. थोडं लांब गेलं की शिखर बुटकं होतं, पसरट होतं, उशिरा येतं आणि उशिरापर्यंत राहतं. तिथल्या संवेदकाला कधी पुरेसं मिळतं, कधी नाही. आवेगांची माळ लागली की आधीच्या आवेगांचं उरलेलं कॅल्शियम साठत जातं, आणि माळ थांबली तरी ते ओसरेपर्यंत अधूनमधून एखादी पुटिका फुटत राहते. सीसीकेच्या टोकांत आवेगामागची कॅल्शियमची लाट मुळातच जास्त काळ रेंगाळते, असंही २००५च्या कामातून सूचित झालं. अंतर आणि रेंगाळणं, दोन्ही मिळून त्या खाचा पडतात.

गोगलगाय आणि कोळी

चॅनेल्सही दोघींची वेगळी निघाली. शंखातल्या विषारी गोगलगायीच्या विषातलं ओमेगा-कोनोटॉक्सिन एन प्रकारचं चॅनेल बंद करतं. एका कोळ्याच्या विषातलं ओमेगा-अगाटॉक्सिन पी/क्यू प्रकारचं बंद करतं. पार्व्हाल्ब्युमिनचा सिनॅप्स कोळ्याच्या विषाने गप्प होतो, सीसीकेचा गोगलगायीच्या. निवड इतकी स्वच्छ आहे की सरळ सूत्र मांडायचा मोह होतो: पी/क्यू म्हणजे चोख, एन म्हणजे सैल. मी तसं मांडणार नाही. कोवळ्या वयातल्या श्रवणमार्गावरच्या एका मोठ्या सिनॅप्सवर पी/क्यू असूनही जोडणी सैल असते, वय वाढतं तशी ती आवळत जाते. चॅनेलची जात ही अर्धी गोष्ट. त्याला पुटिकेच्या किती जवळ बांधलंय, ही उरलेली अर्धी. बांधणारी प्रथिनंही माहीत आहेत. रिम हे त्यातलं महत्त्वाचं. ते चॅनेलला पुटिका टेकण्याच्या जागेशी बांधून ठेवतं. रिम काढून टाकलं की चॅनेल्स तिथे जमत नाहीत आणि गाबा वा ग्लुटामेट सुटण्यातला चोखपणाही जातो.

२०१० साली त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. पार्व्हाल्ब्युमिनच्या सिनॅप्सवर एक पुटिका फोडायला दोन-तीन उघडी चॅनेल्स पुरतात. चौथ्या घाताचा नियम माहीत असलेल्याला हे खटकू शकतं. पण घात संवेदकाचा आहे, त्याला अनेक आयन लागतात. ते सगळे आयन शेजारचं एकच चॅनेल पुरवू शकत असेल, तर चॅनेल्सच्या संख्येशी नातं तितकं चढं राहत नाही. लांब बसलेल्या संवेदकाला मात्र पुष्कळ चॅनेल्सची वर्गणी लागते. काटकसर म्हणूनही ही व्यवस्था फार मोलाची आहे. सेकंदाला शंभराच्या वर आवेग सोडू शकणाऱ्या पेशीला आत आलेलं सगळं कॅल्शियम पुन्हा बाहेर काढायलाही ऊर्जा मोजावी लागते.

संवेदकातही फरक सापडला. अनुमस्तिष्कात बास्केट पेशी आणि पुर्किंजे नावाच्या तिथल्या मोठ्या पेशी यांच्यातल्या निरोधक सिनॅप्सवर वेगवान काम सिनॅप्टोटॅग्मिन-२ करतं, हे २०१७ साली योनास यांच्या गटाने दाखवलं. उत्तेजक सिनॅप्सच्या संदर्भात ज्याचं नाव जास्त घेतलं जातं ते सिनॅप्टोटॅग्मिन-१. एवढं नोंदवून पुढे जातो.

नाव देणारं प्रथिन

पार्व्हाल्ब्युमिनकडे बरीच वर्षं निव्वळ ओळखचिठ्ठी म्हणून पाहिलं गेलं. पेशी रंगवायची, जात ओळखायची, काम झालं. पण ते स्वतः कॅल्शियम पकडणारं प्रथिन आहे आणि या प्रकरणातलं एक पात्र आहे. विश्रांतीत त्याच्या जागा मॅग्नेशियमने अडवलेल्या असतात. मॅग्नेशियम उठल्याशिवाय कॅल्शियम बसू शकत नाही, म्हणून त्याची पकड सावकाश. थोडक्यात, पेशीने स्वतःच स्वतःत ईजीटीए भरून ठेवलंय. चॅनेलजवळच्या दाट ढगाला ते हात लावत नाही, तेवढा वेळच त्याला मिळत नाही. मागाहून उरलेलं कॅल्शियम ते टिपून घेतं. पहिला ठोका स्वच्छ आणि त्यामागे घरंगळ नाही.

याची परीक्षा अनुमस्तिष्कात झाली. पार्व्हाल्ब्युमिन नसलेल्या उंदरांत तिथल्या निरोधक सिनॅप्सवर लागोपाठ दोन आवेग दिले, तर दुसरा प्रतिसाद पहिल्यापेक्षा मोठा येऊ लागला. साध्या उंदरांत तो लहान येतो. काय्यार आणि सहकाऱ्यांनी २००० साली हे प्रसिद्ध केलं. पहिल्या आवेगाचं उरलेलं कॅल्शियम पुसणारं कुणी नव्हतं, ते दुसऱ्याच्या खात्यात जमा झालं.

आता पडद्यावरच्या त्या जाड रेघेकडे परत या. हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला चाळीसच्या आसपास आवर्तनांची गॅमा लय चालते तेव्हा एका आवर्तनाला २५ मिलीसेकंद मिळतात. तेवढ्यात पेशींना आवरायचं आणि पुन्हा मोकळंही सोडायचं. गाबा सुटणं शेकडो मिलीसेकंद रेंगाळलं, तर ते दहाएक आवर्तनांवर फासलं जाईल आणि लय पुसली जाईल. तिथे पार्व्हाल्ब्युमिनची पेशीच हवी. सीसीकेची पेशी दुसऱ्या कामाची. ती लय धरत नाही, ती दीर्घ दाब ठेवते. तिला सदोष मानणं मला पटत नाही. सैलपणा इथे कामासाठीच ठेवलेला आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा पुरावा पुढच्या भागात येतो.

पेशी उलट बोलते

१९९१ साली यानो, लरेश आणि मार्टी पुर्किंजे पेशींवर काम करत होते. त्यांनी घेणाऱ्या पेशीलाच विजेचा झटका दिला. त्यानंतर काही सेकंद तिच्यावर येणारे निरोधक प्रवाह मंदावले आणि मग हळूहळू परत आले. पुढच्याच वर्षी पिटलर आणि अॅल्जर यांना हिप्पोकॅम्पसच्या सीए१ भागातल्या पिरॅमिडल, म्हणजे तिथल्या मुख्य उत्तेजक, पेशींत असंच दिसलं. नाव पडलं डीएसआय, घेणाऱ्या पेशीच्या चेतण्यामुळे तिच्यावरच्या निरोधाला लागलेला लगाम. घेणाऱ्या पेशीत बाप्टा भरला की परिणाम नाहीसा. म्हणजे सुरुवात तिथल्या कॅल्शियमने होत होती. घेणाऱ्या पेशीवरचा गाबाचा ग्राहक, म्हणजे त्याला पकडणारं प्रथिन, तितकाच तरतरीत होता, तरी गाबा कमी येत होता. म्हणजे शेवट पाठवणाऱ्या टोकात होत होता. मध्ये कुणीतरी उलट्या दिशेने निरोप नेत होतं.

तो दूत कोण, हे कळायला दहा वर्षं गेली. २००१ साली विल्सन व निकोल आणि ओनो-शोसाकु, कानो व सहकारी अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे उत्तर दिलं. मेंदू स्वतः तयार करतो ते भांगेतल्या द्रव्यासारखं रसायन, एंडोकॅनाबिनॉइड. कॅल्शियम वाढलं की पेशी आपल्या पटलातल्या मेदापासून ते घडवते. पुटिकेत भरून ठेवायची गरजच नाही. ते पाठवणाऱ्या पेशीकडे झिरपतं आणि तिच्या टोकावरच्या सीबी१ ग्राहकाला चिकटतं. ग्राहक आतून जी-प्रथिन मोकळं करतो आणि ते कॅल्शियमचं चॅनेल उघडणं अवघड करून ठेवतं. कुठलं चॅनेल? एन प्रकारचं. आणि हा ग्राहक हिप्पोकॅम्पसच्या बास्केट पेशींत कुणाच्या टोकावर असतो? सीसीकेवाल्यांच्या. पार्व्हाल्ब्युमिनवाल्यांवर तो नसतो, हे बुडापेस्टमधल्या फ्रॉइंड यांच्या गटाने १९९९ सालीच ऊतींच्या तपासणीतून दाखवलं होतं.

इथे दोन धागे जुळतात तेव्हा मला दरवेळी तसाच आनंद होतो. सैल जोडणीच्या सिनॅप्सला पुष्कळ चॅनेल्सची वर्गणी लागते. त्या वर्गणीत थोडी काटछाट केली की चढ्या पायरीमुळे गाबा झपाट्याने घटतो. म्हणजे दुरून कान पिळता यावा अशीच ही जागा बांधलेली आहे. घेणारी पेशी जोरात चेतली तर ती आपल्या कॅल्शियमच्या मार्फत शेजारणीला सांगू शकते की थोडा वेळ लगाम सोड. शेजारची दुसरी, पार्व्हाल्ब्युमिनवाली, हे ऐकतच नाही. तिची लय कुणाच्या एकट्याच्या चेतण्याने बदलत नाही. दोन्ही टोकांत काही मायक्रोमीटरचं अंतर असेल, पण एकीला विनवता येतं, दुसरीला नाही.

एक सावधगिरी नोंदवतो. ईजीटीए आणि चॅनेल्सचा माझा मुख्य पुरावा डेंटेट गायरसचा, डीएसआयचा बराचसा पुरावा सीए१चा, पार्व्हाल्ब्युमिन काढून पाहण्याचा अनुमस्तिष्काचा. सीसीके पेशींचं उशिराने गाबा सोडणं सीए१ आणि सीए३मध्येही २००९ साली मायकेल डॉ आणि मॅकबेन यांच्या गटाला आढळलं, म्हणून या भागांत पूल बांधायला मला आधार वाटतो. पण अनुमस्तिष्कातल्या बास्केट पेशींचे नियम हिप्पोकॅम्पसच्या बास्केट पेशींना जसेच्या तसे लावू नयेत. तिथे पुर्किंजे पेशींवर टेकणाऱ्या निरोधक टोकांवर सीबी१ भरपूर असतो, नाहीतर १९९१चं निरीक्षण तिथे झालंच नसतं. नाव सारखं म्हणून स्वभाव सारखा, असं नाही.

चॅनेल बदललं तर

प्रकरण खरं असेल तर एक भाकीत करता येतं. पार्व्हाल्ब्युमिनच्या पेशीतून पी/क्यू चॅनेल काढून टाकलं आणि तिला मिळेल त्या दुसऱ्या चॅनेलवर भागवायला लावलं, तर तिचा चोखपणा जायला हवा. आणि लय धरणारा लगामच गेला, तर मेंदूचं चेतणं हाताबाहेर जायला हवं.

रोसिन्योल, रूडी, फिशेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली उंदरांत नेमकं हेच केलं. मेंदूच्या बाह्यपटलातल्या निरोधक पेशींतून पी/क्यू चॅनेलचा जनुक काढला. पार्व्हाल्ब्युमिनच्या बास्केट पेशींचं गाबा सोडणं बिघडलं, त्या पिरॅमिडल पेशींना आवरू शकेनात, आणि उंदरांना सर्वांगाचे अपस्माराचे झटके येऊ लागले. याच उंदरांत सोमॅटोस्टॅटिन बाळगणाऱ्या निरोधक पेशींचाही तोच जनुक गेलेला होता. त्यांचं गाबा सोडणं मात्र मोठ्या प्रमाणात टिकून राहिलं. त्यांच्या टोकांत एन चॅनेलने जागा भरून काढली होती.